जहाजाची उलटी बाजू

“उलटं करून दाखव गा पहिले.”

कोणतीही वस्तू हातात आली की मास्तरांचं हे पहिलं वाक्य. शर्ट असो, लग्नपत्रिका असो, नवी कोरी नोट असो, ते आधी तिची पाठ बघणार. पोह्यांची प्लेट उलटी करता येत नाही, म्हणून ती डोक्यावर धरून खालून बघत. एकदा या नादात पोह्यांवरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, टोपीत गेली. तर मास्तरांनी टोपी काढली, उलटी केली आणि म्हणाले, “पाह्य, अस्तर पक्कं हाय. डाग पार नाई गेला.”

सक्करदऱ्यात, तलावाच्या रस्त्यावर, त्यांचं भरतकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक स्टूल आणि भिंतभर रिळं. शाळांचे बिल्ले, बँडवाल्यांच्या टोप्या, गणपतीची वस्त्रं, सगळं तिथेच व्हायचं. मशीन सुरू झालं की त्याच्या हादऱ्याने तिकडे उमरेडच्या खाणीत कोळसा आपोआप गळून पडतो, असं मी लोकांना सांगत असे. उमरेडहून बसने आलेल्या एका पाहुण्याला ते खरं वाटलं. तो मास्तरांना म्हणाला, “जरा जोरानं चालवत जा ना गा, आमचं काम हलकं होईल.”

पाठ बघण्याचं कारण धंद्यातलंच होतं. मास्तर म्हणत, “पुढून सगळेच चांगले दिसतेत. गाठी मांगं असतेत.”

एकदा चौकात एका उमेदवाराचा बॅनर लागला. हात जोडलेले, दात चमकलेले. मास्तर बॅनरच्या मागे गेले आणि तिथूनच हाका मारू लागले. मंडळी, तुम्हाला खोटं वाटेल, पण मागच्या बाजूला जुन्या निवडणुकीतला विरोधी उमेदवार हात जोडून उभा होता! जुनाच बॅनर पलटवून छापलेला. अर्ध्या तासात पाठ बघायला इतकी गर्दी झाली की पुढचा उमेदवार एकटा पडला.

तर असा हा माणूस. आणि याच माणसाकडे मी आमच्या टीमच्या जर्सी घेऊन गेलो.

आमची टीम म्हणजे तलाव इलेव्हन. मी तिचा सेक्रेटरी. फुटबॉलला माझा पाय कधी लागला नाही. पण मी ओरडलो की समोरचा गोलकीपर गोल सोडून माझ्याकडे बघतो, हे माझं योगदान. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा फायनलला पोचलो होतो. आमचा कॅप्टन रोशन, विलायतेतल्या एका मोठ्या क्लबचा भक्त. त्या क्लबच्या बिल्ल्यावर शिडांचं जहाज आहे. तेच जहाज आमच्या छातीवर हवं, असा रोशनचा हट्ट, म्हणून तोही माझ्याबरोबर आला होता.

मास्तरांनी रोशनच्या मोबाइलवरचं चित्र पाहिलं. मग सवयीने मोबाइल उलटा केला.

“मास्तर, तिकडं कव्हर हाय,” रोशन म्हणाला.

“ते दिसून राहिलं मले. पण जहाज काहून? तुमचा तलाव तर उन्हाळ्यात गुडघाभर होते.”

“त्यांचं शहर व्यापाराचं होतं ना मास्तर. म्हणून जहाज.”

“कायचा व्यापार?”

“कापडाचा. मोठमोठ्या गिरण्या होत्या तिथं.”

“मंग कापूस कुठून ये? विलायतेत पऱ्हाटी होते का?”

रोशन मग खरं ते बोलला. पोरगा वाचणारा आहे. तिकडे सध्या यावरूनच वाद चालू आहे, म्हणाला. गिरण्यांचा पुष्कळसा कापूस अमेरिकेतून यायचा आणि तो तिथे गुलाम वेचायचे. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, त्यांची लेकरं, नातवंडं. काही लोक म्हणतात, बिल्ल्यावरून जहाज काढा. काही म्हणतात, बिल्ला बनला तेव्हा गुलामगिरी कधीच संपली होती, जहाजाचा काय दोष? त्या गिरण्यांच्या काळातच अमेरिकेत गुलामगिरीवरून लढाई पेटली, कापूस अडकला, तेव्हा गिरणीवाल्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली.

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. त्यांनी पाय काढला की काम बंद, हे सगळ्या सक्करदऱ्याला माहीत.

“माया बाप गिरणीत होता,” ते म्हणाले. “कापडाच्या थानावर छाप मारे. छापात हत्ती होता. लोक हत्ती पाहून थान घेत. बापाचं हे बोट मरेपर्यंत निळं होतं, शाईनं. जेवताना, झोपताना, निळं. हत्ती साऱ्या मुलखानं पाह्यला. बोट कोनं पाह्यलं?”

त्यांनी मोबाइल रोशनच्या हातात परत दिला.

“मी नाई काढत जहाज,” मास्तर म्हणाले. “ज्याची मांगची बाजू अशी हाय, ते मी पुढून सजवू कसं?”

रोशनही पेटला. “मंग मी लकडगंजले जातो. तिथं कॉम्प्युटरची मशीन हाय. ते विचारत नाई काही.”

हे लागलं. कारण एव्हाना सगळं गिऱ्हाईक त्या कॉम्प्युटरकडेच गेलं होतं. मास्तरांच्या हाताशी काम उरलं होतं ते एवढंच, आमच्या सोळा जर्सींचं. ते गेलं तर मशीनला कापड झाकून दुकान बंद करायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी जर्सींचा गठ्ठा उचलला आणि रोशनपुढे ठेवला.

रोशनने तो घेतला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, मी लहानपणापासून ते जहाज छातीवर घेऊन झोपलो. त्याच्यात कोणाचं दुःख हाय, मले ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर का प्रेम सोडून देऊ?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पाठीकडे नाही, तोंडाकडे.

“नको सोडू,” ते म्हणाले. “पण मंग पूर्ण घे. ठेव त्या जर्स्या. रविवारी मैदानावर मिळतीन.”

रविवारी जर्सी आल्या. छातीवर जहाज असं सुरेख, की वारा सुटला तर अकरा पोरं समुद्राला लागतील. घाईघाईत सगळ्यांनी घातल्या आणि सामना सुरू झाला. दोन्ही बाजूंनी गोल होईना. शेवटची दहा मिनिटं उरली आणि रोशनने गोल मारला! लागला पळायला. आनंदाच्या भरात जर्सी पुढून उचलून डोक्यावर घेतली आणि आंधळ्यासारखा धावत सरळ माझ्या अंगावर येऊन आदळला.

माझ्या नाकासमोर जर्सीची आतली बाजू होती.

भरतकाम अंगाला टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावतात. त्या अस्तरावर, जहाजाच्या बरोबर पाठीमागे, एक काळा हात भरला होता. हातात कापसाचं बोंड. आणि त्या हाताचं एक बोट निळं.

“रोशन,” मी म्हणालो, “उलटं पाह्य.”

त्याने पाहिलं. मग त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं. जर्सी डोक्यावर घेतली म्हणून रेफरीने रोशनला पिवळं कार्ड दाखवलं, खेळ पुन्हा सुरू केला, तरी आमची अकरा पोरं आपापल्या जर्सीत डोकं घालून उभी! समोरच्यांना वाटलं, यांना मुंग्या चावल्या. त्या गडबडीत त्यांनी एक गोल केला, मग दुसरा. आम्ही फायनल हरलो. छातीत डोकं घालून हरलेली जगातली ही एकमेव टीम.

मास्तर कडेला उभे होते. मी चिडून म्हणालो, “मास्तर, तुमच्यामुळं ट्रॉफी गेली!”

“बरं झालं, सेक्रेटरी साहेब. मी तिचं बूड पाह्यलं. खाली दुसऱ्याच स्पर्धेचं नाव हाय.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि ते उमरेडला मुलीकडे राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. आम्ही त्यांच्या मुलीला भेटायला गेलो, मी आणि रोशन. खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी मास्तरांचा फोटो टांगला होता. मुलीने पाणी दिलं. रोशन दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा मात्र त्याने सरळ जाऊन फोटो खिळ्यावरून काढला आणि उलटा केला.

मुलगी हसायला लागली. “सकाळपासून तुम्ही तिसरे,” म्हणाली.

फोटोच्या पाठीवर कापडाचा तुकडा चिकटवला होता. त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेलं होतं:

“पाह्यलं का? शाब्बास. आता चहा घेतल्याशिवाय जाऊ नको गा.”

आम्ही चहा घेतला. पिऊन झाल्यावर रोशनने बशी उलटी करून बघितली. मीही.