रघुअण्णाच्या पाठीतलं पाणी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिण्याइतका शहाणा झालो असं नाही, तेव्हा आधी माफी मागतो. रघुअण्णाबद्दल त्याच्या बायकोने लिहायला हवं होतं. पण मंजुळावहिनी म्हणाली, "मला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. तू लिही. मला मारलं तेही लिही."

रघुअण्णा माझा चुलतभाऊ, ओरगडमच्या ट्रक कारखान्यात वेल्डर. मला तांबरमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राला घालण्याचा हट्ट त्याचाच. मित्रांना सांगायचा, "आमच्याकडे घरचाच डॉक्टर आहे." मी डॉक्टर होणार नाही म्हटलं की इथल्या तमिळ वळणाने म्हणायचा, "गप बस डा, मला कळतं." म्हणूनच कान वाहायला लागला तेव्हा तो दवाखान्यात गेला नाही, माझ्याकडे आला. आणि मी... माझ्या घसादुखीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या त्याला दिल्या. कुणीतरी मला विचारतंय, याचंच अप्रूप होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तापाच्या भरात त्याने वहिनीचं डोकं भिंतीवर आपटलं. नऊ वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. मी धरायला गेलो तर त्याचं कोपर तोंडावर बसून माझे दोन दात पडले. वेलचेरीच्या त्याच्या घरातून शेजारच्या चौघांनी त्याला चादरीत बांधून इस्पितळात नेलं. तिथे मेंदूभोवती असतं तेच पाणी पाठीच्या कण्यातून तपासायला काढताना तो इतके हिसके देत होता की नमुन्यात रक्त उतरलं, संसर्ग दाखवणाऱ्या पेशींच्या मोजणीवर भरवसा उरला नाही. मग सगळी मदार कल्चरवर. कल्चर म्हणजे त्या पाण्यातले जिवाणू प्लेटवर वाढवून पाहणं, आणि वाढायला ते जिवंत असावे लागतात. डॉक्टरांनी तोवर अंदाजाने औषधं चालू केली होती. तिसऱ्या दिवशी अण्णा गेला. त्याच दिवशी रिपोर्ट आला, काहीच वाढलेलं नाही.

अण्णाचे वडील, आमचे मोठे काका, म्हणाले, "काही सापडलं नाही ना? मग रोग कसला? हिनेच डोकं फिरवलं त्याचं." प्रेताशेजारीच वहिनीच्या भावाने काकांची गचांडी धरली. "बायकोला मारून मेला, आणि दोष हिला?" काकांनी तिरडीचा बांबू उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. त्या झोंबाझोंबीत टाके घातलेलं डोकं धरून वहिनी मला विचारत होती, "तू शिकलास ना? सांग मग, मला कुणी मारलं? त्याने की रोगाने?"

मी इस्पितळात जाऊन डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी थोडं पाणी गोठवून ठेवलं होतं. वहिनीच्या सहीने त्यांनी ते जनुकीय क्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे काही वाढवावं लागत नाही, मेलेल्या जिवाणूच्या अंशांवरूनही त्याची ओळख पटू शकते.

पाच आठवड्यांनी तिथला रिपोर्ट आल्याचं सांगायला डॉक्टरांचा फोन आला. "इथे येण्याआधी त्यांना कुणी गोळ्या दिल्या होत्या का?"

"मी दिल्या होत्या."

"कल्चरमध्ये काही न वाढण्याचं तेच कारण असावं," ते म्हणाले. गोळ्या दिल्या नसत्या तर अण्णा वाचला असता का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वहिनीला आधी गोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं माझं नंतर बघू. आधी मामंजींना बोलाव आणि रिपोर्ट उभा राहून वाच."

काका येऊन भिंतीला टेकून बसले. मी वाचलं... मेंदूभोवतीच्या पाण्यात न्यूमोकोकस जिवाणूचे जनुकीय अंश सापडले. कानातून पसरलेला मेंदूज्वर. खाली डॉक्टरांनी हाताने लिहिलं होतं, रुग्णाने केलेली मारहाण शुद्धीत केलेली नाही.