करपलेली पिठी

रंगूनला मी अकरा वर्षं काढली. अजून गावात कुणी भेटलं की विचारतं, "रंगूनाक कसा काय होता रे?" मी म्हणतो, "बरा होता." खोटं नाही ते. पण पुढचं सांगत बसलो तर ऐकणाऱ्याचा चहा थंड होईल आणि माझं डोकं गरम होईल, म्हणून मी तिथंच थांबतो.

खरंच बरं होतं. लाकडाच्या वखारीच्या कचेरीत मी कारकून होतो. डोक्यावर विजेचा पंखा, खोलीत बटण दाबलं की उजेड, नळ सोडला की पाणी. आमच्या घरी तेव्हा कंदिलाची काच पुसणं हे रोजचं काम होतं आणि विहिरीवरून कळशी आणताना आईची कंबर मोडायची. तिथं बायका दुकानं चालवायच्या, तोंडात हा एवढा चिरूट धरून. आमच्या गावात अशी एखादी दिसली असती तर लोकांनी देवळात गाऱ्हाणं घातलं असतं! माणसं हसरी, रस्ते रुंद, भात उत्तम. माझ्या मनीऑर्डरींवर घरावरचं गवत जाऊन नळ्याची कौलं चढली, थोरल्या भावाने बैलांची नवी जोडी घेतली. हे सगळं रंगूनने दिलं. खाल्ल्या घरचे वासे मी मोजणार नाही.

पण कचेरीत दहा माणसांत बसून मालवणीत शिवी घालायला एक माणूस नसावा, हे काय दुःख असतं ते गेलेल्यालाच कळतं. माझ्या नाकावर राग. साहेबाने उगाच झापलं की शिवी ओठांवर यायची ती मालवणीतच, आणि ती गिळावी लागायची. शेजारच्या खोलीत देवगडकडचा एक सोबती होता, तो दुसऱ्या वखारीत. संध्याकाळी दोघे भेटलो की आधी पाच मिनिटं नुसत्या शिव्या, मग चहा. फोटो चिकटवलेलं, परदेशी म्हणून नोंदवलेलं पुस्तक खिशात घेऊन फिरायचं, दरवर्षी त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि शिक्का मारणारा आपल्याकडे बघणारसुद्धा नाही. पुढे पुढे तर अशी गत झाली की एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेतीलच याची खात्री नाही. मी चौथ्या वर्षी एकदा घरी येऊन गेलो होतो. त्यानंतर दर वर्षी आईला लिहायचो, "येत्या चवथीक नक्की येतंय." चवथ यायची आणि जायची. गणपतीला आमचा माणूस कमी तो कमीच.

त्या खेपेला परत निघताना आईला विचारलं होतं, "तुका काय हाडू?" ती म्हणाली, "माका काय नको. तू ये." मग थोडं थांबून, लाजल्यासारखी, "छत्री हाड एक. इरल्यान मान धरता रे." भात लावताना बायका पाठीवर पानांचं इरलं घेऊन दिवसभर वाकलेल्या असतात. छत्री धरून भात लावता येत नाही हे तिलाही माहीत होतं. तिला ती बाजाराला जाताना मिरवायला हवी होती. मी परत गेल्यावर पहिल्याच महिन्यात तेलकागदाची, फुलं रंगवलेली बर्मी छत्री घेतली आणि खुंटीला टांगून ठेवली. स्वतःच्या हाताने तिला द्यायची म्हणून पाठवली मात्र नाही.

घरून माझ्यासाठी एकच वस्तू यायची, कुळथाची पिठी. कलकत्ता ते रंगून फेऱ्या करणाऱ्या बोटीवर आमच्याच गावचा एक खलाशी होता. तो रजेवर गावी गेला की येताना डबा आणायचा. आई कुळीद खापरावर भाजायची, भरडून सुपात पाखडायची, मूठभर धने आणि चार सुक्या मिरच्या घालून जात्यावर दळायची. पाण्यात कालवून, लसणीची फोडणी देऊन, कोकमाची दोन सोलं टाकून शिजवली की झालं. रंगूनच्या खोलीत रविवारी ती शिजली की देवगडचा सोबती वाटी घेऊन हजर. "आवशीक सांग," म्हणायचा, "एक मुलगो तिका रंगूनात आणखी आसा."

पत्रं भावाच्या अक्षरात यायची, कारण आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सुरुवात ठरलेली, इकडील सर्व क्षेम. मीही तसंच लिहायचो. मला कावीळ होऊन मी वीस दिवस पडून होतो तेव्हासुद्धा इकडील सर्व क्षेमच होतं. दूरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. तो तिकडून करणार काय, उगाच जीव जाळणार, असं म्हणायचं.

एका वर्षी डबा आला तो उघडल्याबरोबर जळका वास आला. कुळीद करपले होते, वर सालंही तशीच राहिली होती. पहिला घास कडू. त्याच दिवशी कचेरीत माझं काहीतरी बिनसलं होतं. झालं! मी कागद ओढला आणि आईच्या नावाने लिहिलं, "पिठी करपली आहे. पाखडलीही नाहीस. एवढ्या लांब कचरा पाठवायचा तर पाठवू नको. तुझं लक्ष असतं कुठे हल्ली?" सोबत्याने वाचून सांगितलं, "रे, हा पाठवू नको. थंड हो मगे पाठव." मी त्याच पावली जाऊन पत्र पेटीत टाकलं. जमदग्नीचा अवतार मी, माघार कसली घेतो?

पुढचा डबा सहा-सात महिन्यांनी आला. खलाशाने तो दारातूनच दिला. एरवी तो मांडी ठोकून बसायचा, दोन कप चहा प्यायचा, गावातल्या प्रत्येक म्हशीची खबर द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "बोटीर काम आसा." मी विचारलं, "म्हातारी कशी आसा?" तो चप्पल घालता घालता म्हणाला, "बरी आसा. तुझी आठवण काढता." आणि गेला. मला वाटलं, बोटीवर भांडणबिंडण झालं असेल. पिठी मात्र अप्रतिम होती. मी लगेच लिहिलं, "ह्या खेपेची पिठी म्हणजे तुझा जुना हात. अशीच पाठवत जा." त्यानंतर दोन वर्षं डबे येत राहिले, सगळे तसेच उत्तम. पत्रंही येत राहिली. आई बरी आहे, आईने आशीर्वाद सांगितले आहेत.

मग चौसष्ट साली तिथल्या वखारी, दुकानं, कचेऱ्या सगळं सरकारजमा झालं आणि आमच्यासारख्यांना बोटीत बसवलं. अंगावरचे कपडे, एक वळकटी, थोडी भांडी, एवढंच आणू दिलं. गोदीवरच्या शिपायाने छत्री उघडून बघितली, मिटली आणि परत दिली. अकरा वर्षांची कमाई म्हणाल तर ती छत्री. वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नोकरी गेली तर गेली, चवथ सापडली होती!

पावसाळ्यामुळे मुंबईहून आमच्याकडच्या बोटी बंद होत्या. कोल्हापूरवरून एसटीने फोंडाघाट उतरलो. पुढे दोन गाड्या बदलून मसुऱ्याच्या अलीकडे उतरलो आणि खाडीच्या तरीवर आलो. तरीवाल्याने मला ओळखलं. "इलंस?" एवढंच म्हणाला आणि पलीकडे पोचेपर्यंत नुसता वल्ह्याकडे बघत राहिला. मी विचार केला, इतक्या वर्षांत माणसं घुमी झाली वाटतं. मी आपला छत्रीला पाणी लागू नये म्हणून ती छातीशी धरून बसलो होतो.

घरापुढच्या खळ्यात पाय ठेवतो तर भाऊ समोर आला आणि त्याने हात आडवा केला. "थंयच रव. आधी न्हाऊन घे." विहिरीवर घागर भरून ठेवलेली. मला हसू आलं. म्हटलं, "काय रे, दर्या ओलांडून इलो म्हणान बाटलंय की काय?" मी आत हाक मारली, "आये, बघ गो कोण इलो तो!" आतून वहिनी पदर तोंडाला लावून दारात आली आणि तिथंच खाली बसली. भावाने घागर उचलली आणि माझ्या डोक्यावर कपड्यांसकट ओतली. मग माझ्या लक्षात आलं. मरणाची बातमी कळली की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतात.

"कधी?" मी विचारलं.

"अडीच वर्सां होऊन गेली. कार्तिकात."

मी भावाला तेव्हा काय काय बोललो ते लिहीत नाही. रंगूनात अकरा वर्षं गिळलेल्या सगळ्या शिव्या त्या दिवशी बाहेर पडल्या, आणि त्या माझ्या सख्ख्या भावाला. शेवटी तो म्हणाला, "माझ्या मनान नाय केलंय. आवशीन मरताना सांगल्यान, तेका कळवू नको, धावत येयत आणि नोकरी जायत. तरी माका धीर होय ना. देवळात जावन देवाक इचारलंय, सांगू काय नको? पाकळी लावलंव. 'नको' म्हणान कौल मिळालो. तीन येळा लावलंव रे, तीनय येळा." देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. सगळा गाव त्या कौलाला बांधलेला. खलाशी, तरीवाला, सगळे. मला देवाचाही राग आला. तिच्या मुलाचं आणि तिचं काय ते ह्याला कशाला विचारायचं?

दुपारी पान वाढलं. भात आणि पिठी. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. मी वहिनीला म्हटलं, "वयनी, मी तिका कायच्या काय लिवलंय. मेल्यार पण माणसाक बोललंय मी. करपली म्हणान."

वहिनी माझ्यासमोर बसली. ती कमी बोलणारी बाई. म्हणाली, "नाय, भावजी. ती पिठी आयेन सोताच्या हातान केललेली. तेव्हा ती होती. डोळ्यांनी काय दिसा नाय, खापराकडे वासार बसायची. माका हात लावूक देय ना. तुमका चांगली लागली म्हणान लिवलात, ती माझी."

माझ्या भातावर पिठी ओतत ती पुढे म्हणाली,

"तुमचा पत्र आमी वाचूचा नाय म्हणालंव. पण तिनाच हट्ट केल्यान, वाचा म्हणान. ऐकल्यान, आणि माका हाक मारल्यान. त्या दिसापासून खापरासमोर माका बसवल्यान. आपण खाटेर पडान सांगायची, आता वास बदललो, आता उतर. दोन म्हयने शिकवल्यान. म्हणायची, माझ्या मागे तेका फरक कळता नये."

मला फरक कळला नाही. छत्री अजून खळ्यातल्या खांबाला टेकून उभी होती.

त्या पत्राला आईचं उत्तर आलं होतं, ते सांगायचं राहिलं. भावाच्या अक्षरात, दोनच ओळी: "आई सांगते, पिठी करपली हे खरे. पुढच्या खेपेस नीट होईल, रागावू नको." रंगूनच्या खोलीत ते वाचून माझं समाधान झालं होतं. मी हसलो होतो. देवगडच्या सोबत्याला पत्र दाखवून म्हणालोही होतो, "बघ, बोलला काय सुदारता आमची म्हातारी."