हँडल भिंतीकडे

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळा बाजार ‘जपून’ म्हणायचा. सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो न चुकता “जपून जा” म्हणे, म्हणून हे नाव. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा गृहस्थ कधी काही न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. गावाबाहेर एक डोंगर होता आणि डोंगरापलीकडे सात किलोमीटरचा उतार. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात या पठ्ठ्यानं त्या उतारावर एकदाही सायकल घातली नव्हती. बसनं जायचा, तेही डोळे मिटून.

पण हा भित्रेपणाच त्याच्या धंद्याचं भांडवल होता. सायकल उलटी करायची ती हँडल भिंतीकडे ठेवूनच. काम झालं की स्वतः तिच्यावर बसून पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारायची, करकचून ब्रेक दाबायचा, मगच ती द्यायची. तीस वर्षांत यात खंड नाही.

खंड पडला तो त्या नवरा-बायकोमुळे. दोघं पन्नाशीची, उन्हानं रापलेली, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या समुद्रापर्यंत सायकलनं निघालेली. महिना झाला होता. अंगाला कपडे चिकटतील अशा दमट उकाड्यात ती सकाळी दुकानात शिरली. बाईंच्या सायकलचे पुढचे ब्रेक झिजले होते. नवरा भारी हौशी आणि मदतीला तत्पर. पिशव्या त्यानंच उतरवल्या, सायकलही त्यानंच उलटी करून ठेवली.

“तुम्ही कशाला वाकताय मिस्त्री? बसा, करा काम.”

नवी रबरं बसवून मिस्त्री हात धुऊन येईतो पिशव्या परत बांधून तयार. ऊन वाढायच्या आत त्यांना डोंगर ओलांडायचा होता. आता फेरीसाठी सगळं पुन्हा सोडा म्हणायचं कसं? मिस्त्रीला भीड पडली. तो “जपून जा” म्हणाला आणि ती दोघं गेली.

पाऊण तासानं त्यानं शाळेतल्या बाईंची सायकल ओढली. पॅडल कुरकुरत होतं तिचं. उलटी करून, हँडल भिंतीकडे ठेवून तो खाली बसला आणि त्याची नजर फरशीवरच्या धुळीत गेली. हँडलच्या मुठींचे दोन ठसे होते. पण भिंतीपाशी नव्हे, दाराशी.

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

ब्रेकचं रबर ज्या पत्र्यात बसतं, त्याचं एक तोंड बंद असतं आणि एक उघडं. बंद तोंड पुढे हवं. म्हणजे ब्रेक दाबला की रबर त्याला टेकून राहतं. मिस्त्रीचे हात तीस वर्षं बंद तोंड भिंतीकडे करत आले होते. आजही त्यांनी तेच केलं, आणि आज त्या प्रवासी बाईंच्या सायकलचं तोंड होतं दाराकडे. रबरं उलटी बसली होती. सपाट रस्त्यावर हे कळणारही नाही. उतारावर जोरात ब्रेक दाबला की रबर सुर्रकन बाहेर.

आतून बायको चहा घेऊन आली, तर हा फरशीकडे बघत बसलेला. त्यानं कसंबसं सांगितलं.

“अहो, मग बसलात काय? उठा!”

“डोंगरावर? मी?”

“नाही, मी जाते! चढावर सामान घेऊन किती पळणारेत ती? निघा म्हणते ना!”

पाना आणि नवी रबरं खिशात कोंबून तो शाळेतल्या बाईंच्याच सायकलवर बसला. एवढ्या घाईतही आधी तिचे ब्रेक दाबून पाहिले; सवय जाते कुठं? पॅडल कुरकुरत होतं आणि छातीत भाता चालला होता. ती प्रवासी बाई मेली तर? चढभर हेच एक डोक्यात. मग दुसरं आलं : सायकल उलटी ठेवली कुणी? तिच्या नवऱ्यानं. मी सांगितलं होतं का? हा विचार त्यानं माथ्यापर्यंत घट्ट धरून ठेवला.

माथ्यावर केळी विकणारी म्हातारी म्हणाली, “ती दोघं? आत्ताच उतरली की.”

समोर रस्ता नुसता खाली कोसळला होता. मिस्त्रीची पाचावर धारण बसली. डोळे मिटायची सोय नव्हती. तो जीव मुठीत धरून निघाला, दोन्ही ब्रेक आवळून, मोठ्यानं देवाचं नाव घेत.

तिसऱ्या वळणावर रस्त्यात काळा तुकडा दिसला. रबर. त्यानं तो उचलला. पुढच्या वळणाकडे बघायचा त्याला धीर होईना. तरी तो गेला.

बाई कडेच्या गवतात बसल्या होत्या. गुडघा सोललेला, चेहरा पांढराफटक, पण जिवंत. मागच्या ब्रेकनं आणि मातीच्या ढिगानं वाचवलं होतं. नवरा त्यांच्या गुडघ्यावर पाणी ओतत होता. अर्धं पाणी बाहेरच सांडत होतं, इतका हात कापत होता त्याचा.

“मिस्त्री! हे रबर द्यायला एवढ्या लांब आलात?” त्याचे डोळे भरले. “देवमाणूस आहात हो!”

मिस्त्रीनं त्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं. माथ्यापर्यंत जपून आणलेलं वाक्य त्यानं गिळलं.

“देवमाणूस कसला! रबरं मीच उलटी बसवली. चूक माझी आहे.”

नवरा ताडकन उठला. तोंडाला येईल ते बोलला. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता आणि ऐकता ऐकता रबरं सुलटी बसवत होता. या खेपेला सायकल त्यानं स्वतः उलटी केली.

“झालं,” तो म्हणाला.

बाई उठल्या, पण सायकलला हात लावेनात. “मला आता भीती वाटते मिस्त्री.”

“मलाही वाटते ताई,” मिस्त्री म्हणाला. “जन्मभर वाटत आलीये.”

मग त्यानं त्या सायकलवरच्या सगळ्या पिशव्या सोडल्या, एकेक करून गवतात ठेवल्या, आणि राहिलेली फेरी मारायला उताराला लागला. वळणावर त्यानं करकचून ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. तो तिथंच हँडलला धरून थांबला आणि वर बघून ओरडला,

“या ताई! जपून या!”