बोरन्हाणातली हुशारी

शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला गेले होते. तिथे तीन वर्षांचा ओजस पाहुण्यांना देशांच्या राजधान्या सांगत होता. त्याच्याच वयाच्या मुलीची आई ओशाळून म्हणाली, "आमच्या मीराला अजून रंगही कळत नाहीत हो."

मग बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतल्या. मुलं जमिनीवर तुटून पडली. मीरा मात्र बाळाला खेटून बसली आणि तिने नुसता फ्रॉक पसरला. तो आपसूक भरला. हुशारी आपण मुलांच्या जिभेवरच का शोधतो, कोण जाणे.

ओजस रिकाम्या हातांनी रडत आला. मीराने सरकून त्याला जागा दिली आणि एक गोळी त्याच्या तोंडात घातली.

"ओजस, जपानची राजधानी?" कुणीतरी विचारलं.

ओजसने तोंड उघडलं नाही. गोळी पडली असती.