फुईच्या हातावरचा गोपाळ

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा दंडावर अजून काहीच नव्हतं, तरी मी तो सारखी चाचपत होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी टॅटू काढून घेणार होते! मागच्या वर्षी गेलेल्या माझ्या वडिलांचा, आबांचा चेहरा, आणि तोही त्यांच्याच खानदेशात. पुण्याला नवरा म्हणाला होता, आधी महिनाभर फ्रिजवर चिकटवून बघ. मी कसली ऐकतेय!

टॅटूवाली मुलगी मात्र त्याच्याच पक्षाची निघाली. एवढ्याशा जागेत चेहरा काढला तर काही वर्षांत शाई पसरते, मग आबांच्या जागी भलतेच कुणी दिसायला लागतील, असं तिने तोंडावर सांगितलं. दोन दिवस विचार करा म्हणाली. मी हिरमुसले, पण माघार घेतली नाही. धुळ्याला फुईकडे (आत्याकडे) आबांचा मोठा फोटो होता. तो आणून टॅटूच मोठा काढायचा ठरवलं आणि एसटीत बसले.

पारोळ्याला उतरून घाईघाईत शेवभाजी खाल्ली. तर्री नेमकी बाहीवर सांडली. फुकटात टॅटू झाला म्हणून माझी मीच हसले.

फुईने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं. माझा बेत ऐकून तिने स्वतःचा हात पुढे केला. हिरवट पडलेल्या अक्षरांत गोंदलं होतं, 'गोपाळ'. पण तिच्या नवऱ्याचं नाव तर मुरलीधर!

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत गोंदणाऱ्याने तिला नवऱ्याचं नाव विचारलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? कृष्णाच्या नावावरून आहे, एवढंच ती म्हणाली. गोंदणाऱ्याने आपल्या मनाने गोपाळ केला. फुईला वाचता येत नव्हतं. घरी नवऱ्याने वाचलं, पोट धरून हसला, आणि जन्मभर तिच्यापुरता गोपाळ झाला. सांगताना फुईचेही डोळे हसून हसून पाणावले.

मग तिने भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला.

"मना भाऊ कोठे गया?" ती म्हणाली. "आठेच शे." (माझा भाऊ कुठे गेलाय? इथेच आहे.)

मला एकदम आबांचा आवाज ऐकू आला. फोनवर "आबा, आहात का?" म्हटलं की पलीकडून उत्तर यायचं, "शे ना." वर्षभर मी चेहरा शोधत बसले आणि हे साफ विसरले होते! मला रडूही आलं आणि आनंदही झाला. फोटो मी परत खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी जळगावला टॅटूवालीने कागदावर ते एकच अक्षर काढलं आणि मला तीनदा वाचायला लावलं. चुकायला जागाच नव्हती. सुई चांगलीच टोचली, तरी मी हसत होते.

पुण्याला पोहोचल्यावर फुईला व्हिडिओ कॉल केला आणि दंड दाखवला. काय लिहिलंय, तिने विचारलं.

"शे," मी वाचून दाखवलं.

"कोण शे?"

"आबा."

"शेच ना," फुई म्हणाली.