ब्रिटनीची सोयरीक

भावाचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला गच्चीवर बिबड्यांचे पापड वाळत घालत होते. हात ज्वारीच्या पिठाने बरबटलेले, ऊन डोक्यावर, आणि हा म्हणतो, "अक्का, तू भूगोलाची ना? मग उद्या चोपड्याला ये. आबांना ब्रिटनी समजावून सांगायचीय."

मी म्हटलं, "अरे बाबा, निवृत्त झाले मी. आता बापाची शिकवणी लावतोस का माझ्याकडे?"

पण प्रकरण चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, शेतीतली पदवी घेऊन जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथल्याच पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायची, स्कूटरवर हिंडायची. तिला फ्रान्सच्या ब्रिटनी नावाच्या प्रांतात दोन वर्षं शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली होती. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. भाऊ तयार, वहिनी अर्धी तयार, पण आमच्या घरात आबांच्या शब्दावाचून कुठलीही मुलगी वेशीबाहेर पडलेली नाही. आणि आबा ना हो म्हणत होते, ना नाही. एवढंच म्हणाले होते, "पह्यले स्थळ कसं शे ते देखू."

स्थळ! पोरगी शिकायला निघालीय, आणि हे सोयरीक बघायला बसले! पण आबांना दुसरी रीतच ठाऊक नाही. आमच्या सगळ्या बहिणींची, आत्यांची, भाच्यांची स्थळं त्यांनी पाहिली. पाहुणे म्हणून जायचे, चहा बाजूला ठेवायचे आणि आधी विहिरीचं पाणी मागायचे. मग गोठ्यात जाऊन बैलांच्या बरगड्या बघायच्या. ज्याचे बैल खपाटीला गेलेले, त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही, मग मुलगा कलेक्टर असो. मला याचा किती राग यायचा लहानपणी. आणि खरं सांगू, त्यांनी पाहिलेलं एकही घर वाईट निघालं नाही, माझं धरून.

दुसऱ्या दिवशी अमळनेरवरून एसटीने चोपड्याला पोचले. ओट्यावर आबा खाटेवर, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, भिंतीला टेकून. भाऊ उगाच उभा. भाची खांबाशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. आतून वांगी भाजल्याचा वास येत होता. वहिनीला ठाऊक असतं, वाद घालायचा तर आबांचं पोट भरीत-भाकरीने भरलेलं बरं.

"हं, बाई," आबा मला म्हणाले. "गाव कोठे शे?"

मी चुलीतला कोळसा आणला आणि ओट्याच्या फरशीवर फ्रान्स काढला. वहिनी आतून ओरडली, "अक्का, ते पुसायचं कोणी?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. फ्रान्सच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, समुद्रात घुसलेलं एक लांब नाक काढलं. ही ब्रिटनी. तिन्ही बाजूंना पाणी, फक्त पूर्वेकडून जमीन. चार जिल्हे. त्यातल्या अगदी टोकाच्या जिल्ह्याच्या नावाचा अर्थच 'जमिनीचं टोक' असा आहे. पोरगी राहणार ते शहर रेन, प्रांताची राजधानी, मात्र समुद्रापासून आत.

नाना डोळे बारीक करून नकाशा बघत होते. "चारच जिल्हे? आन हाई खालचा तुकडा?"

मी म्हटलं, "नाना, तीच तर गंमत. त्या खालच्या तुकड्यात नांत नावाचं मोठं शहर आहे. पूर्वी ते ब्रिटनीच्या राजघराण्याचं गाव. सरकारने प्रांत आखले तेव्हा ते शेजारच्या प्रांतात टाकलं. लोक अजून म्हणतात, आमचं आम्हाला परत द्या."

"म्हंजे वाटनीमा गयं!" नाना एकदम सरसावून बसले. बांधाचा विषय निघाला की नाना जिवंत होतात. पुढची दहा मिनिटं त्यांनी मला त्या तुकड्याची मोजणी कोणी केली, खुणेचे दगड होते का, हेच विचारलं. मी म्हटलं, दगड तर तिथे एवढे आहेत की विचारू नका, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी शेतांतून उभे केलेले, रांगाच्या रांगा, आणि कशासाठी ते आजही कोणाला धड सांगता येत नाही. नाना म्हणाले, "बांधच व्हई तो." त्यांचं समाधान झालं.

आबांचं झालं नव्हतं. "हाई राज्य फ्रान्समा कसं उनं?"

आता काय सांगावं! खरं तेच सांगितलं. तिथली एक राणी होती, राज्याची एकटी वारस. तिचं लग्न फ्रान्सच्या राजाशी झालं, आणि त्या लग्नाच्या वाटेने राज्यही गेलं.

आबांनी कोळशाच्या नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आंदनमा बठ्ठं राज्य दिधं?" सगळं राज्य आंदणात देऊन बसलेल्या त्या राणीच्या बापाबद्दल त्यांच्या आवाजात काळजी होती. मला हसू आवरेना. भाचीही ओढणीत तोंड लपवून हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा.

मग पाण्याचा प्रश्न आला, तो येणारच होता. पाऊस कसा? मी म्हटलं, आपल्यासारखा धो धो कोसळून पळून जात नाही. बारीक बारीक, वर्षभर, कधीही. सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, पुन्हा ऊन. विहिरी आटायची भीती नाही. पण डुकरं आणि गाईगुरं फार, त्यांचं शेण-मूत आणि खतं ओढ्यांत उतरतात, म्हणून काही ठिकाणी किनाऱ्यावर हिरवं शेवाळ कुजून घाण होते. हे सांगू नकोस म्हणून भाऊ मला डोळ्यांनी खुणावत होता. सोयरीक बघताना लपवायचं नसतं, मी सांगितलं. आबांना ते आवडलं. "केळीले पन आपन इतलं खत टाकतस," एवढंच म्हणाले.

"पिकस काय?"

फ्लॉवर. आर्टिचोक नावाची एक काटेरी बोंडासारखी भाजी, ती पाकळी पाकळी सोलून खातात. सफरचंदं, आणि त्यांची आंबवलेली हलकी दारू. "दारू" ऐकून वहिनी दारात आली. मी घाईघाईने पुढे गेले. जमीन हलकी असते तिथे त्यांच्या जुन्या लोकांनी एक धान्य लावलं, त्याला ते काळा गहू म्हणतात. गहू नाही तो, आपल्याकडे उत्तरेत उपासाला कुट्टू खातात ना, तेच. त्याचं पातळ पीठ मोठ्या गोल लोखंडी तव्यावर ओतून लाकडाच्या दांडीने फिरवतात, आणि कागदासारखी पोळी निघते. त्यावर खारं लोणी. बाकीचा फ्रान्स अळणी लोणी खातो, हे खारंच खाणार, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

वहिनी म्हणाली, "म्हणजे खापरावरचे मांडेच की." तिच्या तोंडावरची दारू उतरली. भाची मांडे चांगले करते. हातावर पोळी मोठी करत नेते तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो.

आणि मी त्यांना ते सांगितलं, जे मला स्वतःला सगळ्यांत आवडलं होतं. तिथले शेतकरी ओहोटीला समुद्रातलं शेवाळ गाडीत भरून आणायचे आणि शेतात घालायचे. पोरगी शिकणार आहे ते हेच, शेवाळातून जमिनीला काय मिळतं. आबा खाटेवरून खाली वाकले आणि त्यांनी कोळशाच्या रेषेवर बोट ठेवलं. समुद्र आणि शेत यांच्या मधोमध.

"मानसं कसा शेतस? बोली कोनती?"

मी म्हटलं, आबा, घरात एक, कचेरीत दुसरी. ब्रिटनीची स्वतःची बोली फ्रेंचहून अगदीच वेगळी, तिची बहीण शोभणारी बोली समुद्रापलीकडे इंग्लंडच्या बाजूला बोलतात. पूर्वी शाळेत ती बोलणाऱ्या पोरांना शिक्षा व्हायची. आता म्हातारी माणसं बोलतात, आणि नवी पोरं हौसेने पुन्हा शिकतात. आबांना यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं. मी शिकले त्या शाळेत 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की बाई हातावर पट्टी मारायच्या.

मला वाटलं, जिंकलं. पाणी चांगलं, शेत चांगलं, माणसं आपल्यासारखी. भाऊ तर आत जाऊन भाकरी झाल्या का विचारून आला. तेवढ्यात आबा म्हणाले, "आखाजीले मुराळी कसा जाई?"

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेली प्रत्येक मुलगी माहेरी झोका खेळायला यायची, आणि तिला आणायला बाप किंवा भाऊ मुराळी म्हणून जायचा. आबांचा सगळा हिशेब तिथे येऊन थांबतो. जिथून मुराळी लेकीला घेऊन येऊ शकत नाही, तिथे लेक द्यायची नाही.

"व्हिडिओ कॉल करू, आबा," भाऊ म्हणाला.

"पोर फोनवर झोका खेळी का?" आबा कडाडले.

भाची पुढे आली. ओढणी सोडून ती सरळ बोलली. "आबा, आखाजीला तिथे सुट्टी नसते. परीक्षा असतात. मी येऊ शकणार नाही. तुम्हाला खोटं सांगून मी जाणार नाही."

आबांनी मान हलवली. रागाने नव्हे. बैलांच्या बरगड्या मोजून झाल्यावर ते अशीच मान हलवायचे. "मंग बठ्ठं चांगलं शे, माय. पन जमत नही," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

पोरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. आणि माझं डोकं सणकलं. "आबा, बसा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा असेल. "तुम्हाला माहीत तरी आहे, काय नाकारताय? तिथे दिवसातून दोनदा समुद्र मागे जातो. नजर पोचत नाही इतका मागे. होड्या चिखलात कलंडून पडतात, लोक जिथे पाणी होतं तिथे चालत जाऊन शिंपले वेचतात. आणि मग तो परत येतो, माणसाच्या चालीने, आवाज करत, आणि पडलेल्या होड्या एकेक करून उचलतो. खडकांवर दीपगृहं आहेत, लाट त्यांच्या डोक्यावरून जाते. आणि तुम्ही पोरीला सांगता जमत नही?"

मला धाप लागली. आबा चप्पल हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"तू देखेल शे का समुद्र?"

मुंबईकडे गेले ती लग्नाकार्यांना, कल्याण-डोंबिवलीपर्यंत. शाळेच्या सहली गेल्या अजिंठ्याला, नाशिकला. पुढे ह्यांची दुकानदारी, सासूबाईंचं आजारपण, मुलं. राहून गेलं, बस.

"नाही, आबा."

"इतला वरीस पोरेस्ले समुद्र शिकाडा," ते हळू म्हणाले, "आन देखा नही?"

"नाही."

"मले वाटनं, देखा व्हई."

ते पुन्हा खाटेवर बसले. त्यांनी पाणी चाखून, गोठा बघून मला चांगल्या घरी दिलं होतं, आणि माझ्याबद्दलची एवढी साधी गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ती त्यांना लागली, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मला बापाचा इतका कळवळा आला की मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनी भाचीला जवळ बोलावलं. "आखाजीले तू येऊ शकत नही. पन हाई तुन्हाकडे येऊ शकस ना?"

"आत्या? हो, आबा. येऊ शकते की."

"मंग मुराळी हाई जाई."

"मुराळी बाईमानूस कसी व्हई, आबा?" नाना म्हणाले. "आन मुराळी पोरले घी येस. हाई तं एकलीच परत येई."

आबांनी नानांकडे पाहिलंच नाही. भाचीच्या डोक्यावर हात ठेवून तिलाच म्हणाले, "हिले समुद्र दाखाडशी का? दाखाडशी तं जाय."