अस्वलाकडं पाठ

सांगलीकडच्या प्राणिसंग्रहालयात, तस्करांकडून सोडवलेल्या सन बेअर अस्वलाच्या नव्या आवाराची फीत कापून झाली, पण पिंजरा उघडूनही अस्वल बाहेर येईना. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी मध दाखवला. आटपाडीकडचा रखवालदार तेवढा आपल्या घोंगडीचं एक टोक जाळीखालून आत सारून उरलेलीवर पाठमोरा बसला होता. त्याचं नाव निमंत्रणपत्रिकेत नव्हतं. मीही विचारलं नाही. तो असा का बसलाय, तेही मला कळेना.

"अहो, त्याला हाक तरी मारा," मी म्हणालो.

"नव्या मेंढराकडं टक लावली की ते बुजतं, साहेब. ह्याचंबी तसंच आसंल. तुमीबी वळा."

मी वळलो. पाहुणेही वळले, चहा आला होता.

बऱ्याच वेळानं मागं गवत सळसळलं.

"आलं का?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मीबी बघितलं न्हाई."

त्याच्या मांडीखालची घोंगडी मात्र हळूहळू आत सरकत होती.